सायबर हल्ल्याचे विधान आणि त्याचा पुरावा : महाराष्ट्रातील तीन प्रकरणांची चिकित्सा

‘राज्यपुरस्कृत हॅकर’ हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांत आता रुळला आहे. त्यातील ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र राज्य नव्हे, तर सार्वभौम सत्ता. परंतु हा भेद वाचकाला प्रत्येक वेळी मनाशी करून घ्यावा लागतो. म्हणून कोठे ‘शासनपुरस्कृत’, तर कोठे ‘सरकारप्रायोजित’ असे पर्याय योजले जातात. संज्ञेची ही अस्थिरता केवळ भाषांतराची अडचण नाही. एखाद्या संगणकीय घुसखोरीमागे परकीय सत्ता आहे असे म्हणण्यासाठी नेमके काय सिद्ध करावे लागते, याविषयीची संदिग्धताच या शब्दांत उतरलेली दिसते. ‘हल्ला’ या शब्दाची स्थिती याहून बिकट आहे. बाहेरून दार ठोठावणे, आत शिरून बसणे, कागद चोरणे आणि घर पाडणे या चार निरनिराळ्या कृतींना सायबर क्षेत्रात हा एकच शब्द लावला जातो.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील तीन प्रकरणांविषयी शासन, पोलीस, खासगी संस्था आणि न्यायालये यांनी केलेल्या विधानांची चिकित्सा केली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत खंडित झालेला वीजपुरवठा, ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर पडलेला दरोडा आणि नागपूरच्या ब्राह्मोस प्रकल्पातील अभियंत्यावरील खटला अशी ही तीन प्रकरणे होत. संगणकशास्त्राची मांडणी करणे हा लेखाचा हेतू नाही. विधान आणि पुरावा यांचे नाते तपासणे एवढाच तो आहे.

वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. वास्तविक देवळी येथील पॉवरग्रिडचे ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र छत्तीसगडकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या विजेच्या प्रमुख मार्गावर आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून संपूर्ण भारत एकाच वारंवारतेवर चालणारे एकच जाळे आहे. अशा जाळ्यात प्रत्येक क्षणी निर्मिती आणि मागणी यांचा मेळ घालण्याचे काम भारप्रेषण केंद्रे करतात. परकीय सत्तेला स्वारस्य असलेच तर ते वीजघरापेक्षा या केंद्रांत अधिक असणार, हे उघड आहे. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार याच जिल्ह्यात आहे. संरक्षणाचा विचार वर्ध्याला नवा नाही. पण त्याची सवय कुंपण, पहारा आणि ओळखपत्र यांच्या भाषेत विचार करण्याची आहे.

मुंबईच्या घटनेचा क्रम पाहू. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगर प्रदेशाचा बहुतांश वीजपुरवठा बंद पडला. उपनगरी गाड्या जागीच थांबल्या. करोनाच्या त्या काळात रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच दिवशी ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिलेले स्पष्टीकरण तांत्रिक होते. महापारेषणच्या ४०० किलोव्होल्टच्या कळवा–पडघा यंत्रणेतील एका मंडलाच्या देखभालीचे काम सुरू असल्याने भार दुसऱ्या मंडलावर होता आणि तेथे बिघाड झाला, असे ते होते. बाहेरचे जाळे कोसळले तरी मुंबईने स्वतःच्या निर्मितीवर बेटासारखे तगून राहावे, यासाठी ‘आयलंडिंग’ ही योजना अनेक दशकांपासून आहे. त्या दिवशी ती उपयोगी पडली नाही. लवकरच ऊर्जामंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखविली. पुढे नोव्हेंबरमध्ये पडघ्याच्या भारप्रेषण केंद्रात मालवेअर सापडल्याचा संशय वृत्तपत्रांतून पुढे आला. येथेच एक खटकणारी बाब आहे. पडघा हे महापारेषणचे उपकेंद्र आहे. राज्याचे भारप्रेषण केंद्र ऐरोलीला आहे. बातमीतील ही सरमिसळ नंतर परदेशी लेखनातही जशीच्या तशी गेली.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. जून २०२० मधील गलवानच्या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर चीनशी संबंधित एका गटाने भारतीय वीजक्षेत्रातील दहा संस्थांना आणि दोन बंदरांना लक्ष्य केले, असे त्यात म्हटले होते. या गटाला संस्थेने ‘रेडएको’ असे नाव दिले, तर वापरलेल्या साधनाचे नाव शॅडोपॅड असे होते. पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रे यादीत होती. राज्य पातळीवरील केंद्रांपैकी दिल्ली आणि तेलंगणा यांची नावे होती, महाराष्ट्राचे नव्हते. एवढेच नव्हे, मुंबईतील अंधार आणि कथित मालवेअर यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, अशी स्पष्ट नोंद त्या अहवालातच होती. अहवालाच्या कर्त्यांनी पाळलेला हा संयम बातम्यांच्या मथळ्यांत टिकला नाही. चीनने मुंबईची वीज घालविली, असाच अर्थ बहुतेक वाचकांपर्यंत पोचला.

त्यानंतरच्या चार दिवसांतील सरकारी विधाने शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १ मार्च रोजी सांगितले की, शॅडोपॅडविषयी सर्ट-इन या संस्थेचा इशारा १९ नोव्हेंबर २०२० रोजी आणि रेडएकोविषयी राष्ट्रीय महत्त्वपूर्ण माहिती पायाभूत संरचना संरक्षण केंद्राचा इशारा १२ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाला होता, त्यानुसार उपाय योजले गेले आणि कोणतीही माहिती गमावलेली नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मुंबईची घटना मानवी चुकीमुळे घडली, सायबर हल्ल्यामुळे नव्हे, असे सांगितले; हल्ले झाले हे मात्र त्यांनी नाकारले नाही. याउलट राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सायबर घातपाताची शक्यता विधिमंडळात मांडली. त्यांच्या निवेदनात चौदा ट्रोजन हॉर्स, परदेशी सर्व्हरवरून वीज मंडळाच्या यंत्रणेत आलेली आठ जीबी बेहिशेबी माहिती आणि काळ्या यादीतील पत्त्यांवरून झालेले लॉगिनचे प्रयत्न यांचा उल्लेख होता. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने आरोप फेटाळला. तो फेटाळला जाणारच होता. त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

राज्याच्या निवेदनातील आकडे क्षणभर खरे मानू. तरीही त्यांतून निष्कर्ष निघतो काय? पहिला प्रश्न ‘वीज मंडळ’ या नावाचा आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि सूत्रधारी कंपनी अशी रचना झाली. यांपैकी कोणाच्या यंत्रणेत माहिती आली, यावर सर्व काही अवलंबून आहे. महावितरणच्या देयकांच्या सर्व्हरवरील ट्रोजनने ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडत नाही. दुसरा प्रश्न कार्यालयीन संगणक आणि नियंत्रण यंत्रणा यांतील अंतराचा आहे. ट्रोजन पहिल्या ठिकाणी सापडला, तर तो तेथून दुसऱ्या ठिकाणी गेला व त्याने अमुक वाजता अमुक ब्रेकर उघडला, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते. तिसरा प्रश्न आठ जीबीचा. हा आकडा ऐकणाऱ्यास मोठा वाटतो, म्हणूनच तो प्रभावी ठरतो. परंतु घातक आज्ञावली काही शे किलोबाइटांचीही असू शकते. आकारमान हे वैऱ्याच्या हेतूचे माप नव्हे. वाहिनी कोठे, किती वाजता, कोणाच्या आदेशाने बंद झाली, ही नोंद या निवेदनात असती तर त्याला पुराव्याचे वजन आले असते.

तुलनेसाठी युक्रेनचे उदाहरण घेता येईल. २३ डिसेंबर २०१५ रोजी तेथील तीन वितरण कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. या प्रकरणात साखळीतील प्रत्येक दुवा उजेडात आला. कित्येक महिने आधी कर्मचाऱ्यांना आलेली फसवी पत्रे, त्यांतून कार्यालयीन संगणकांत झालेला शिरकाव, चोरलेले परवलीचे शब्द, त्यांच्या आधारे नियंत्रण यंत्रणेत प्रवेश आणि अखेरीस चालकाच्या डोळ्यांदेखत पडद्यावर आपोआप हलणारा माउस. हल्लेखोरांनी ब्रेकर उघडल्यावर ग्राहकांचे दूरध्वनी केंद्रही खोट्या कॉल्सनी जखडून टाकले होते. मुंबईच्या बाबतीत यातील पहिल्या दोन पायऱ्यांसारखे काहीतरी सांगितले गेले आणि थेट शेवटच्या पायरीचा निष्कर्ष काढला गेला. मधल्या पायऱ्या रिकाम्या राहिल्या.

यावरून धोका खोटा होता असे मुळीच ठरत नाही, ही गोष्ट ठळकपणे नोंदविणे आवश्यक आहे. प्रादेशिक केंद्रांत शॅडोपॅड होते हे केंद्र शासनाच्याच निवेदनातून दिसते. एप्रिल २०२२ मध्ये लडाखजवळच्या भागातील राज्य भारप्रेषण केंद्रांविषयी त्याच संस्थेचा दुसरा अहवाल आला, तेव्हाही हल्ल्याचे प्रयत्न झाले व ते अयशस्वी ठरले, असे ऊर्जामंत्र्यांनी मान्य केले. कुडनकुलमच्या बाबतीत तर २९ ऑक्टोबर २०१९ रोजी प्रकल्पाने हल्ल्याची शक्यता साफ नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने प्रशासकीय संगणकात मालवेअर सापडल्याचे कबूल केले. म्हणजे केंद्राच्या नकारावर निमूटपणे विसंबावे अशीही परिस्थिती नाही. आक्षेप वेगळा आहे. परकीय हल्ल्याचे विधान केले की, देखभालीचे वेळापत्रक, एका मंडलावर टाकलेला भार आणि निरुपयोगी ठरलेले आयलंडिंग हे प्रश्न मागे पडतात. ज्या यंत्रणेला उत्तर द्यायचे आहे, तीच पीडित म्हणून उभी राहते. दुसरीकडे ‘मानवी चूक’ असे म्हटले की, चार केंद्रांत परक्याचे साधन किती काळ होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. दोन्ही विधाने परस्परविरोधी दिसतात, पण दोहोंचा परिणाम एकच होतो.

कॉसमॉस बँकेचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. १९०६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ही नागरी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ या शनिवारी काही तासांच्या अवधीत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांच्या साह्याने सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले, त्यात कोल्हापूरच्या एटीएमचाही समावेश होता. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेद्वारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळते झाले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. यामागील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर खात्यात पैसे आहेत काय, अशी पृच्छा बँकेच्या मध्यवर्ती प्रणालीकडे जाते. येथे वाटेतच एक बनावट मध्यस्थ उभा करण्यात आला. पृच्छा बँकेपर्यंत पोचलीच नाही. मध्यस्थाने परस्पर होकार दिला. म्हणून ठेवीदारांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही, बँकेची स्वतःची गेली. कारकुनाला मध्येच अडवून खजिनदाराच्या नावाने दुसऱ्यानेच शिक्का मारून द्यावा, तसा हा प्रकार होता. त्यासाठी पैसे देण्या-घेण्याच्या संदेशांचे बारकाईचे ज्ञान, महिनोन्महिन्यांची तयारी आणि २८ देशांत एकाच वेळी कार्ड घेऊन उभी राहणारी माणसे लागतात. रस्त्यावरच्या टोळीच्या आवाक्यातील हे काम नव्हे.

या प्रकरणात परकीय सत्तेचे नाव घेणारा दस्तऐवज उपलब्ध आहे आणि तो कोणा खासगी कंपनीचा नाही. उत्तर कोरियावरील निर्बंधांवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात कॉसमॉस बँकेवरील हल्ला हा त्या देशाने निर्बंध चुकवून परकीय चलन मिळविण्यासाठी केलेल्या कृत्यांमध्ये नोंदविला. पुढे एटीएममधून अशा प्रकारे पैसे काढण्याच्या पद्धतीसंबंधी अमेरिकेच्या न्याय विभागाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेतील तिघांवर आरोपपत्र जाहीर केले. (त्या तज्ज्ञ मंडळाची मुदतवाढ मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून रोखली, त्यामुळे असे नाव घेणारी एक व्यासपीठाची जागाही आता उरलेली नाही.)

तरीही महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेत कॉसमॉस हा ‘दरोडा’ राहिला, ‘राष्ट्रावरील हल्ला’ झाला नाही. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविला गेला, पुणे पोलिसांनी बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभ्या राहिलेल्यांना चिकाटीने शोधले आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. पोलिसांचे हे यश कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शिक्षा झाली ती साखळीच्या शेवटच्या टोकाला. बनावट मध्यस्थ ज्यांनी उभारला, ते त्या न्यायालयाच्या कक्षेतच नव्हते.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. एखाद्या देशाच्या लष्कराने सहकारी बँकेवर घाला घातला, तर संरक्षणाची जबाबदारी कोणाची? रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी श्रेणीनिहाय सर्वंकष चौकट लागू केली. दोन्ही परिपत्रके वाचली असता त्यांचा भर बँकेने काय करावे यावर आहे. मालमत्तेची नोंद ठेवावी, परवलीचे शब्द बदलावेत, संचालक मंडळाने धोरण मंजूर करावे, असा हा एकूण सूर आहे. ते आवश्यकच आहे. परंतु उत्तर कोरियाच्या गुप्तचर यंत्रणेशी सामना करण्याचे काम संचालक मंडळाच्या ठरावाने होईल, असे मानणे धाडसाचे ठरेल. २ जुलै २०१३ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणातही पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित मनुष्यबळ तयार करण्याचा संकल्प होता. सुरक्षा हे सार्वजनिक व खासगी भागीदारीचे काम आहे, असे ते धोरण म्हणते. हल्लेखोर एखादे राष्ट्र असेल तेव्हा या भागीदारीतील कोणता वाटा कोणाचा, याविषयी त्याची भाषा सर्वसाधारण राहते. विदर्भातील गावोगावच्या पतसंस्था आणि लहान सहकारी बँका या रिकाम्या जागेतच उभ्या आहेत.

तिसरे प्रकरण वर्ध्याच्या अगदी शेजारचे आहे. ब्राह्मोस एरोस्पेसच्या नागपूर प्रकल्पातील एका तरुण अभियंत्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. पाकिस्तानातून चालविल्या जाणाऱ्या खोट्या स्त्रीनामांच्या खात्यांशी त्याचा संपर्क आला होता, परदेशी नोकरीचे आमिष दाखवून त्याच्या वैयक्तिक लॅपटॉपमध्ये माहिती चोरणाऱ्या आज्ञावली उतरविल्या गेल्या आणि त्याच लॅपटॉपमध्ये प्रकल्पाची गोपनीय कागदपत्रे होती, असा अभियोग पक्षाचा दावा होता. जून २०२४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या आणि सायबर दहशतवादाच्या मुख्य आरोपांतून त्याची मुक्तता केली आणि गोपनीय माहितीची योग्य काळजी न घेतल्याबद्दलची तीन वर्षांची शिक्षा तेवढी कायम ठेवली.

या निकालाचे महत्त्व एका व्यक्तीच्या सुटकेपुरते नाही. तिन्ही प्रकरणांपैकी फक्त येथे परकीय हाताचे विधान उलटतपासणीतून गेले. संगणकात मालवेअर असणे, त्या संगणकात गोपनीय कागद असणे आणि ते कागद शत्रूच्या हितासाठी जाणूनबुजून दिले जाणे या तीन बाबी निराळ्या आहेत, व तिसरी पहिल्या दोहोंवरून आपोआप सिद्ध होत नाही. मुंबईच्या अंधाराविषयीची सरकारी निवेदने या कसोटीला लावून पाहिली, तर त्यांचे काय होईल याची कल्पना करता येते. फसविला गेलेला आणि फितूर झालेला यांतील भेद तर कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने जीवनमरणाचा आहे. देवळीच्या उपकेंद्रातील तंत्रज्ञ असो वा पुलगावचा लिपिक, नोकरीच्या आमिषाची चिठ्ठी त्यालाही येऊ शकते. चूक लगेच सांगणारा कर्मचारी गुन्हेगार ठरणार असेल, तर तो ती सांगणार नाही.

आकड्यांविषयी आणखी एक उदाहरण नोंदविण्याजोगे आहे. पहलगामच्या हत्याकांडानंतर मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने ‘रोड ऑफ सिंदूर’ हा अहवाल जाहीर केला. सात गटांकडून पंधरा लाखांहून अधिक सायबर हल्ले झाले, त्यांपैकी केवळ दीडशे यशस्वी ठरले, असे त्यात सांगण्यात आले. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचे विद्रूपीकरण हे यशस्वी हल्ल्यांतील एक. दहा हजार प्रयत्नांत एक यश, असे हे प्रमाण पडते. ते आपल्या संरक्षणाच्या मजबुतीचे द्योतक मानावे की मोजणीच्या पद्धतीचे? स्वयंचलित यंत्राने सर्व्हरचे दार ठोठावण्याचा प्रत्येक प्रयत्न ‘हल्ला’ म्हणून मोजल्यास लाखांचा आकडा शांततेच्या काळातही सहज गाठता येतो. नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर चित्र चिकटविणारे तरुण आणि भारप्रेषण केंद्रात शांतपणे दडून बसणारे शॅडोपॅड यांना एकाच बेरजेत घेतले की, पहिल्यांची संख्या दुसऱ्याचे गांभीर्य झाकून टाकते. त्याच अहवालाच्या निमित्ताने मुंबई विमानतळाची माहिती चोरल्याच्या अफवा विभागाने खोडून काढल्या, हे मात्र उपयुक्त काम होते.

विधाने तपासण्यासाठी नागरिकांच्या हाती साधन कोणते आहे? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रत्येक संस्थेत जबाबदार अधिकारी नेमणे त्यांनुसार बंधनकारक झाले. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घुसखोरीची माहिती सहा तासांत सर्ट-इनला कळविणे सक्तीचे केले. म्हणजे माहिती वरच्या दिशेने वेगाने जाण्याची सोय झाली आहे. खालच्या दिशेने येण्याची नाही. उलट नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इन ही संस्थाच माहितीच्या अधिकाराच्या कक्षेतून वगळण्यात आली. चालू तपासाचा तपशील गुप्त ठेवण्याची गरज कोणीही नाकारणार नाही. परंतु घटना घडून पाच वर्षे लोटल्यावरही ती गुप्तता तेवढीच का असावी, याचे कारण दिले गेलेले नाही. १९ नोव्हेंबर २०२० च्या इशाऱ्याची तारीख आज सर्वांना ठाऊक आहे, ती परदेशी अहवालाच्या दबावाखाली मंत्रालयाने १ मार्च २०२१ रोजी स्वतःहून सांगितली म्हणून. तो अहवाल आला नसता, तर तारीखही कळली नसती.